कमी पडतंय? थांबा, लगेच भरू नका!

‘अंगात अमुक कमी आहे, मग वरून घ्या.’ हे लॉजिक इतकं सरळ आहे की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. रक्त कमी? लोहाची गोळी. हाडं दुखतायत? कॅल्शियम. नुसताच थकवा? मग सगळं एकत्र असलेली मल्टिव्हिटॅमिन-मल्टिमिनरलची गोळी. तुमच्याआमच्यासारख्या धडधाकट माणसांच्या बाबतीत हे लॉजिक थोडंफार चुकलं तरी बिघडत नाही. जास्तीचं बरंचसं आपली किडनी निमूटपणे बाहेर काढून टाकते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण किडनीच बंद पडली असेल तर?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर सोमवारचं डिप्लॉयमेंट आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल :-) डायलिसिसवर असलेल्या माणसाला ‘शक्तीसाठी’ म्हणून खनिजांच्या गोळ्या देणं चूक आहे. त्या माणसाच्या शरीरात काही खनिजं खरोखर कमी असतात आणि काही धोकादायक इतकी जास्त. दोघांना एकच औषध कसं चालेल? आणि ज्या कळकळीने आपण शहरातून डबे मागवून गावाला पाठवतो, तीच कळकळ पूर्ण डायलिसिस, वेळेवर रक्ततपासणी आणि नीट जेवण या तीन गोष्टींमागे लावली तर फायदा कितीतरी जास्त होईल.

आता विषय निघाला कसा ते सांगतो. आमचं गाव राणीसावरगाव. तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. (गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव, एवढं बहुतेकांना माहीत असतं.) नात्यातले एक काका दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत. आधी वीस वर्षांची शुगर, मग किडनी. हा क्रम आता घरोघरी ओळखीचा झालाय. मधे चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एका डब्याचा फोटो पाठवला. "दादा, हे तिकडं पुण्यात स्वस्त भेटतं का बघ बरं. इकडं सगळे म्हणायलेत, डायलिसिसमधी समदं धुऊन जातंय, वरून द्यावंच लागतंय." लेबल वाचलं. झिंक, सेलेनियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, पोटॅशियम, क्रोमियम... आवर्त सारणीच की! मी डबा मागवला नाही. पण ‘धुऊन जातंय’ हे वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ते अर्धं खरं आहे.

म्हणून आधी धुणं म्हणजे काय ते बघू. आपल्या भाषेत सांगायचं तर किडनी ही रिअल-टाइम सिस्टीम आहे. आठवड्याचे १६८ तास अखंड चालू, दर मिनिटाला काय ठेवायचं नि काय टाकायचं याचा निर्णय. डायलिसिस म्हणजे बॅच जॉब. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. म्हणजे १६८ पैकी १२ तास. बाकीचे १५६ तास जे काही पोटात जातं ते साठत राहतं.

आणि हा बॅच जॉब हुशार नसतो. मशीनमधे एका बारीक पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने डायलिसेट नावाचं द्रावण. ज्या बाजूला एखादा पदार्थ जास्त, तिकडून तो कमी असलेल्या बाजूला जातो. बस, एवढाच नियम. रक्तातलं पोटॅशियम बाहेर काढायचं म्हणून द्रावणात ते कमी ठेवतात. बायकार्बोनेट आत घालायचं म्हणून ते जास्त ठेवतात. म्हणजे खनिजं भरण्या-काढण्याचं मोठं काम गोळीच्या डब्याआधी या द्रावणाच्या फॉर्म्युल्यातच होत असतं.

हे द्रावण लागतं किती? मिनिटाला साधारण ५०० मिली धरलं तर चार तासांत १२० लिटर. दर वेळेला १२० लिटर पाण्याशी रक्ताची गाठ पडते, मधे फक्त तो पडदा. त्यामुळे पाण्यात जे आहे ते रक्तात उतरू शकतं. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते भांड्यांवरच्या पांढऱ्या थरावरून कुणीही सांगेल. तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम नीट न गाळता मशीनमधे गेलं तर उलट्या, डोकेदुखी, रक्तदाब वाढणं सुरू होतं. याला ‘हार्ड वॉटर सिंड्रोम’ म्हणतात आणि त्याची नोंद १९६०च्या दशकातच झालेली आहे. १९७०च्या दशकात पाण्यातल्या आणि औषधांतल्या ॲल्युमिनियममुळे डायलिसिसच्या पेशंटना स्मृतिभ्रंश होत असल्याचं लक्षात आलं. खनिजं सोडून अजून एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या टँकरच्या गावांनी लक्षात ठेवावं असं आहे. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरातल्या एका केंद्रात, धरणातून टँकरने आणलेल्या आणि धड शुद्ध न केलेल्या पाण्यातून शेवाळाचं विष रक्तात गेलं. पन्नासहून जास्त माणसं दगावली.

तेव्हा डायलिसिसच्या पेशंटचं पहिलं ‘मिनरल सप्लिमेंट’ म्हणजे केंद्रातला आरओ प्लँट! तो नीट चालतो का, पाणी कधी तपासलं, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आता एकेक खनिज घेऊ.

पोटॅशियम. हा सगळ्यात घाईचा शत्रू. रक्तात ते प्रमाणाबाहेर वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थेट बंदही पडतात. खरं सांगायचं तर गोळीत पोटॅशियम नावालाच असतं, खरा धोका ताटात आणि पाहुणचारात आहे. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण काय नेतो? शहाळं, मोसंबी, केळी. एका शहाळ्याच्या पाण्यात मल्टिमिनरलच्या गोळीपेक्षा कितीतरी पट पोटॅशियम असतं. दुसरी भानगड म्हणजे ‘लो सोडियम’ मीठ. बीपीवाल्यांना चांगलं म्हणून घरात येतं, पण त्यात सोडियम काढून पोटॅशियमच घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मधे अशा मिठाची शिफारस केली तेव्हाच किडनीच्या रुग्णांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. ती ओळ जाहिरातीत दिसत नाही. आणि स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, हे फळ तर या पेशंटनी तोंडातही घालू नये. त्यातलं एक द्रव्य किडनीअभावी साठून मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी, भ्रम आणि मृत्यूसुद्धा.

फॉस्फरस. हा हळूहळू मारणारा. ढोबळ हिशेब करू. दिवसाला जेवणातून १००० मिलिग्रॅम फॉस्फरस गेलं, त्यातलं ६०० अंगात शोषलं गेलं, तर आठवड्याला ४२०० झालं. एक डायलिसिस काढणार समजा ८००. तीन वेळचे २४००. उरले १८००. हे १८०० आतड्यातच अडवायला डॉक्टर ‘बाइंडर’ गोळ्या देतात. आता दोनच डायलिसिस केले तर? १६०० निघाले, २६०० उरले. ते रक्तवाहिन्यांत कॅल्शियमबरोबर चुन्यासारखे बसतात, आणि हाडं मात्र पोकळ होत जातात. अशा माणसाला फॉस्फरस असलेलं टॉनिक देणं म्हणजे गळक्या होडीत बादलीने पाणी ओतणं. आणि हो, बाइंडर जेवणाबरोबरच घ्यायचा असतो. उपाशीपोटी घेतला तर तो धरणार कुणाला? ही एवढी गोष्ट कुणी नीट सांगत नाही म्हणून कित्येकांच्या गोळ्या वाया जातात.

कॅल्शियम. ‘हाडं दुखतात’ म्हणून स्वतःहून घ्यायची ही गोळी नाही. हाडं दुखण्यामागे फॉस्फरस, पॅराथायरॉइडचं हार्मोन आणि किडनीत तयार न होणारं सक्रिय व्हिटॅमिन डी असा तिघांचा लोचा असतो. वरून कॅल्शियम ओतलं तर ते हाडांऐवजी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसण्याची भीती.

मॅग्नेशियम. हे कमीही असू शकतं, जास्तही. गंमत म्हणजे ॲसिडिटीसाठी आपण सहज जी पातळ औषधं पितो त्यातल्या बऱ्याच औषधांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही असतात. म्हणजे ‘साधं गॅसचं औषध’ हेसुद्धा इथे साधं राहत नाही.

लोह. आता मात्र पलीकडची बाजू. लोह या पेशंटना खरंच कमी पडतं आणि ते द्यावंच लागतं. पण अंगात सतत दाह असल्यामुळे हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह आत येण्याचा दरवाजाच लावून घेतं. म्हणून गोळीचा उपयोग कमी, आणि लोह शिरेतून देतात. ब्रिटनमधे पिव्होटल नावाची मोठी चाचणी झाली, २१४१ पेशंटवर. तिचे निष्कर्ष २०१८ मधे आले. दर महिन्याला ठरवून जास्त लोह दिलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाच्या मोठ्या तक्रारी कमी झाल्या. पण बारकावा बघा, दर महिन्याला रक्त तपासलं जात होतं आणि लोह ठराविक रेषेच्या वर गेलं की डोस थांबवत होते. म्हणजे यश नुसत्या लोहाचं नाही, रिपोर्ट बघून दिलेल्या लोहाचं.

झिंक आणि सेलेनियम. डब्यावर ज्यांची नावं ठळक छापलेली असतात ते हे दोघे. डायलिसिसच्या पेशंटमधे झिंक बरेचदा कमी आढळतं हे खरं. तोंडाची चव जाणं, भूक मरणं याच्याशी त्याचा संबंध जोडतात. झिंक-सेलेनियम दिल्यावर साखरेचे नाहीतर दाहाचे आकडे थोडे सुधारले असं काही छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या चाचण्यांत दिसतंही. पण हे सगळं तपासून अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२०च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी काय म्हटलं? झिंक आणि सेलेनियम सरसकट देऊ नये, कारण फायद्याचा पुरावा फार तोकडा आहे. ‘सरसकट’ हा शब्द महत्त्वाचा. रिपोर्टमधे कमी निघालं, चव गेलेली आहे, डॉक्टरने ठराविक दिवसांसाठी दिलं, तर जरूर घ्या. स्वतःहून महिनोन्‌महिने मोठा डोस घेतला तर झिंक तांब्याला हुसकावून लावतं, तांबं कमी झालं की रक्त कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात, "किडनीमुळेच रक्त कमी होतंय, अजून एक टॉनिक द्या." इन्फिनिट लूप!

‘आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला’ या समजुतीने डायलिसिसच्या क्षेत्राला एकदा मोठा धडा दिला आहे. १९९८ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली, १२३३ पेशंट, सगळे हृदयविकार असलेले. विचार साधा होता की रक्त कमी आहे तर एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देऊन ते अगदी निरोग्यांइतकं करूया. चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण ज्यांचं रक्त ‘नॉर्मल’ करायला घेतलं होतं त्यांच्यात मृत्यू आणि हार्ट ॲटॅक जास्त व्हायला लागले होते. बेंचमार्कवर झकास धावणारा कोड प्रॉडक्शनमधे आपटतो हे आपल्याला रोज दिसतं. शरीर याहून फार वेगळं नाही.

साखरेचंही तसंच. किडनी गेली की मधुमेहाच्या पेशंटची इन्सुलिनची गरज अनेकदा कमी होते. घरचे खूश होतात, "शुगर आपोआप उतरली, त्या गोळ्यांचा गुण आला!" प्रत्यक्षात इन्सुलिन संपवण्याचं काम किडनीही करत असते. ती बंद पडल्यावर इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर एकदम घसरण्याचा धोका वाढतो. शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी इथे फसवी ठरते. या पेशंटच्या तांबड्या पेशी कमी दिवस जगतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.

इथे कुणीतरी म्हणणार, "अरे पण गोळीऐवजी अन्नातून दिलं तर?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं एक झकास उत्तर आमच्या जिल्ह्यातच तयार झालंय. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने २०१८ मधे ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण आणलं. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम झिंक असतं, यात ४५ आणि ३२. दिवसाला २०० ग्रॅम पीठ खाल्लं तर लोह ६ ऐवजी ९ मिलिग्रॅम, झिंक ४ ऐवजी साडेसहाच्या आसपास. गावातल्या पोरीबाळींसाठी याहून चांगली गोष्ट नाही. पण डायलिसिसवरच्या माणसाच्या बाबतीत तीच भाकरी पुन्हा हिशेबात घ्यावी लागते. लोहासाठी दरवाजा बंद आहे, आणि ज्वारीबरोबर पोटॅशियम-फॉस्फरसही आलंच. भाकरी बंद करा असं मुळीच नाही. किती खायची ते माणूस आणि त्याचा रिपोर्ट बघून ठरवायचं.

कारण उलट्या टोकाची चूकही तितकीच घातक. "किडनीवाल्याने डाळ खाऊ नये" हे वाक्य डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच्या काळासाठी असतं. सुरू झाल्यावर प्रोटीनची गरज वाढते. किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते बहात्तर ग्रॅम. पण जुनी बंधनं तशीच चालू राहतात. डाळ बंद, दूध बंद, अंडं बंद. मग माणूस वाळतो आणि आपण डब्यात शक्ती शोधतो! डाळीतलं फॉस्फरस पूर्ण शोषलं जात नाही, कोला आणि पाकीटबंद पदार्थांत मिसळलेलं मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. ही माहिती फुकट आहे. फक्त ती पेशंटच्या घरातल्या चुलीपर्यंत पोचत नाही.

आणि इथे मला सरकारबद्दल बोलायचंय. २०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा सांगितलेले आकडे असे. दर वर्षी २.२ लाख नवे पेशंट, आणि त्यामुळे ३.४ कोटी डायलिसिसची वाढीव गरज. भागाकार करून बघा. एका पेशंटला वर्षाला सुमारे १५५, म्हणजे आठवड्याला बरोब्बर तीन. कागदावर गरज तीनचीच धरली आहे. प्रत्यक्षात दोनवर भागवणारे आपल्याकडे ढिगाने आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत मिळतं, आणि ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण राणीसावरगावासारख्या गावातून तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला जायचं, बरोबर एक माणूस न्यायचा, त्याचा रोज बुडवायचा. आठवड्यातून तीनदा! खुर्ची मोफत असली तरी रस्ता मोफत नाही. अमेरिकेतल्या ३२ हजारांवर पेशंटच्या २०११च्या अभ्यासात, दोन डायलिसिसच्या मधे दोन दिवसांची मोठी सुट्टी पडली की त्यानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त होतात असं दिसलं. आठवड्याला दोनच करणाऱ्याच्या नशिबी तर तशी मोठी सुट्टी दर वेळेला.

मशीन बसवलं, रिबन कापली, झालं केंद्र, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं इतकंच की तीन गोष्टी मशीनइतक्याच आवश्यक धरा. तिसऱ्या डायलिसिसचं येण्याजाण्याचं भाडं. पोटॅशियम-फॉस्फरस-कॅल्शियम-लोहाची नियमित तपासणी, आणि तिचा अर्थ मराठीत लिहिलेला एक कागद. आणि महिन्यातून एकदा तरी खुर्चीजवळ येऊन ‘काल काय जेवलात?’ विचारणारा आहारतज्ज्ञ. पेशंट चार तास तिथेच पडून असतो, याहून सोयीची वेळ कुठली?

"पण दोन-चारशे रुपयांची गोळी, काय वाईट होणार? मनाला समाधान तरी." हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. समाधानाला माझा विरोध नाही. पण ते समाधान खरं काम झाल्यासारखं वाटायला लावतं. डबा पोचला की आपली ड्यूटी संपते, आणि तिसरं डायलिसिस का चुकलं हे विचारायचं राहून जातं.

म्हणून, मंडळी, तुमच्यापैकी ज्यांचं कुणी गावाकडे डायलिसिसवर आहे आणि जे दर महिन्याला इथून काहीतरी ऑर्डर करतात, त्यांनी ‘कार्टमधे टाका’ दाबायच्या आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. या महिन्याचा रिपोर्ट काय म्हणतो? ही गोळी डायलिसिसच्या डॉक्टरला दाखवली का? बाइंडर जेवणाबरोबर घेताय ना? आणि या आठवड्यात किती वेळा जाणं झालं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘दोनदा’ आलं, तर डब्याचे पैसे जीपच्या भाड्याला पाठवा.